काट्यावर माणूस कुणाचा? घानातल्या कोकोवाल्यांची एक केस

आमच्या घरात काटा हा शब्द निघाला की आप्पांचा आवाज चढतो. शिरोळ तालुक्यात आमची तीन एकर जमीन, त्यातली अडीच उसाखाली, आणि लहानपणापासून जेवताना ऐकलेली गोष्ट एकच, की खासगी वजनकाट्यावर ट्रॉली नऊ टनाच्या वर भरली आणि कारखान्याच्या काट्यावर तीच ट्रॉली आठ, सव्वाआठ. मधल्या सात किलोमीटरात ऊस वाळला म्हणे. कुठला कारखाना ते सांगत नाही, आपल्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, तो स्वतःच्याच कारखान्याचं नाव घेईल.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे मी जी केस लिहितोय ती आहे चॉकलेटची, आफ्रिकेतल्या घाना देशाची, पण मला ती कळली या काट्यामुळेच.

झालं असं की मी गेली सहा वर्षं इंग्लंडात लेस्टरला असतो. एकदा घराजवळच्या दुकानातून डार्क चॉकलेटची बार उचलली, डिव्हाइन नावाची. रॅपरवर बारीक बारीक चिन्हं छापलेली, घानातली आदिंक्रा चिन्हं आहेत ती, आणि कोपऱ्यात फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त अटींवर मोबदला मिळतो असं सांगणारा निळा-हिरवा शिक्का. शेजारीच तसलंच डार्क चॉकलेट जवळपास निम्म्या किमतीत पडलेलं. बायको म्हणाली, "दुप्पट पैसे देऊन कुणाचं भलं करतोयस, दुकानदाराचंच ना?" मला उत्तर सुचलं नाही म्हणून वाचायला लागलो, आणि रविवारी फोनवर आप्पांना सगळं ऐकवलं, की असं असं आहे, तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, हे चॉकलेट घेतलं की त्यांच्याकडे जादा पैसे जातात वगैरे. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्ये सगळं ऱ्हाऊ दे. काट्यावर माणूस कुणाचा असतोय त्येवढं सांग."

गंमत म्हणजे या केसची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

आधी काय होतं

कोको मूळचा घानाचा नाही. टेटे क्वार्शी नावाच्या माणसाने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणून लावल्या असं मानतात, आणि पुढच्या तीसेक वर्षांत तो देश, तेव्हाचा गोल्ड कोस्ट, जगात सगळ्यात जास्त कोको पिकवायला लागला. पिकवणारे मोठे मळेवाले नव्हते, दोन-चार हेक्टरवाले घरचे शेतकरी होते, आजही तेच आहेत. विकत घेणाऱ्या मात्र मूठभर युरोपियन कंपन्या. १९३७ मध्ये या कंपन्यांनी आपसात ठरवून भाव बांधून घेतला, तर शेतकऱ्यांनी कोको विकायचाच बंद केला. महिनोन् महिने. पोती घरात, गोदामात पडून, काही ठिकाणी जाळली सुद्धा, आणि वर युरोपियन कंपन्यांच्या दुकानातला माल घ्यायचाही बंद. म्हणजे आपण ज्याला आज एथिकल शॉपिंग म्हणतो ना, ते हत्यार त्या शेतकऱ्यांनी नव्वद वर्षांपूर्वी स्वतःच वापरून झालंय! ब्रिटिश सरकारला चौकशीसाठी नोवेल कमिशन नेमावं लागलं, आणि त्यातून पुढे १९४७ मध्ये सरकारी कोको मार्केटिंग बोर्ड आलं. त्यालाच आता कोकोबॉड म्हणतात.

कोकोबॉडची पद्धत आपल्या जुन्या लोकांना लगेच कळेल. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, साधारण तसंच. हंगामाच्या सुरुवातीला सरकार भाव जाहीर करणार, देशभर तोच भाव, आणि परदेशात माल विकणार फक्त बोर्ड. फायदा असा की जागतिक बाजार कोसळला तरी शेतकरी लगेच झोपत नाही. तोटा असा की बाजार वर गेला तर मधला मलिदा शेतकऱ्यापर्यंत येत नाही.

आता भाव सगळीकडे सारखाच म्हटल्यावर खरेदी करणारा पैसे मारणार कुठून? वजनातून. गावात येणारा खरेदी कारकून काटा 'सेट' करून आणायचा, कोकोचं पोतं ६४ किलोचं भरायचं असतं, तर त्याच्या काट्यावर ६४ दाखवायला शेतकऱ्याला दोन-चार किलो जास्त ओतायला लागायचं. शिवाय रोख नाही, चिठ्ठी. चिठ्ठीचे पैसे कधी येणार तर येतील तेव्हा. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आपलंच की."

कुआपा कोकू

१९९२-९३ च्या हंगामात घाना सरकारने जागतिक बँकेच्या दबावाखाली गावपातळीवरची खरेदी खुली केली. निर्यात बोर्डाकडेच राहिली, पण गावातून माल उचलायला खासगी कंपन्यांना लायसन मिळायला लागली. कोकोबॉडच्या संचालक मंडळावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी होते नाना फ्रिंपाँग अब्रेब्रेसे (नाना हे तिकडे मुखियांना, वडीलधाऱ्यांना मानाने म्हणतात, आपल्यासारखंच निघालं). त्यांच्या डोक्यात आलं की व्यापारी लायसन घेऊ शकतात तर शेतकरी का नाही? लंडनच्या ट्विन ट्रेडिंग या संस्थेने सुरुवातीला पैसा आणि मदत दिली, आणि १९९३ मध्ये २२ गावं मिळून संस्था उभी राहिली. नाव कुआपा कोकू, म्हणजे चांगला कोको शेतकरी, आणि ब्रीद 'पा पा पा', म्हणजे उत्तमातलं उत्तम.

आता आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. कुआपाच्या प्रत्येक गावच्या सोसायटीत काट्यावर बसणाऱ्या माणसाला रेकॉर्डर म्हणतात, आणि हा रेकॉर्डर गावातलेच सभासद निवडतात. वरून कोणी पाठवत नाही. तो स्वतः कोको पिकवणारा, त्याची बायको त्याच गावच्या विहिरीवर पाणी भरणार, पोरं त्याच शाळेत, आणि वजनात खोट केली तर पुढच्या सभेत उठून विचारणारे शंभर जण समोर.

जरा जवळून बघा काय चालतं. शेतकरी कोयत्याने शेंगा तोडतो, मोठ्या कारल्याएवढ्या असतात त्या, पिवळ्या-नारिंगी. त्या फोडल्या की आत पांढऱ्या चिकट गरात तीस-चाळीस बिया. सगळं केळीच्या पानांवर ढीग करून पानांनीच झाकून पाच-सहा दिवस आंबवायचं, मधे उलथायचं, आत हात घातला तर पोळेल इतकं गरम होतं म्हणतात. चॉकलेटची चव इथेच तयार होते, फॅक्टरीत नाही. मग बांबूच्या ताट्यांवर पसरून आठवडाभर उन्हात, बायका-माणसं उभ्याने हाताने परतत राहणार, खराब दाणे वेचणार, पाऊस दिसला की पळत जाऊन झाकणार. एवढं सगळं झाल्यावर पोतं काट्यावर चढतं, आणि तिथे जर दर पोत्यामागे तीन किलो गेले तर २० पोत्यांत जवळपास एक आख्खं पोतं गेलं. माझ्या मते कुआपाने शेतकऱ्याचं जे सगळ्यात मोठं भलं केलं ते हेच, हे पोतं वाचवलं. ते रॅपरवर कुठेच लिहिलेलं नसतं.

हे एकदा दिसल्यावर लोक येत गेले. २२ गावांवरून संस्था हजाराच्या वर गावांत आणि साठ हजारांच्या वर सभासदांपर्यंत पोचली. आणि शेजारच्या गावात कुआपाचा खरा काटा आहे म्हटल्यावर इतर खरेदीदारांनाही हात आखडता घ्यावा लागतोच, नाहीतर माल कोण घालणार त्यांच्याकडे.

१९९५ मध्ये फेअरट्रेडचं सर्टिफिकेट मिळालं. इथे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो, माझाही होता. घानात शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकार ठरवतं, त्यामुळे फेअरट्रेडचा किमान भाव सरळ शेतकऱ्याच्या हातात पडतच नाही. त्याच्याकडे येतो तो प्रीमियम, म्हणजे दर टनामागे ठरलेली जादा रक्कम, आणि तीही संस्थेकडे. आधी हा प्रीमियम टनाला १५० डॉलर होता, २०११ मध्ये २०० झाला, २०१९ मध्ये २४०. त्याचं काय करायचं ते सभासदांचे प्रतिनिधी वार्षिक सभेत ठरवतात. थोडा बोनस म्हणून पोत्यामागे रोख वाटला गेला, बाकीच्यातून गावात विहिरी, शाळेच्या खोल्या, मका दळायच्या गिरण्या, फिरता दवाखाना, सभासदांना कोयते. बायकांना पदांवर घेतलंच पाहिजे असा नियम केला, आणि पुढे क्रिस्टियाना ओहेने-अग्यारे ही कोको शेतकरी बाई अख्ख्या संघाची अध्यक्ष झाली. आमच्याकडच्या कारखान्याच्या संचालक मंडळाचा फोटो डोळ्यासमोर आणा आणि त्यात बायका किती ते मोजा, मग कळेल हे किती मोठं आहे.

स्वतःचं चॉकलेट

१९९७ च्या वार्षिक सभेत सभासदांनी ठरवलं की नुसते दाणे विकून भागत नाही, चॉकलेटची कंपनीच काढू. ऐकायला वेडेपणा वाटतो, घानाच्या खेड्यातले लोक इंग्लंडात कॅडबरीशी टक्कर द्यायला निघाले. पण १९९८ मध्ये लंडनला कंपनी सुरू झाली, तिचंच नाव पुढे डिव्हाइन. शेतकऱ्यांच्या संस्थेकडे ३३ टक्के शेअर, बाकी ट्विन आणि सौंदर्यप्रसाधनं विकणारी बॉडी शॉप कंपनी. कॉमिक रिलीफ आणि ख्रिश्चन एड या सेवाभावी संस्था पाठीशी, आणि बँकेच्या कर्जाला ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने हमी दिली. २००६ मध्ये बॉडी शॉपने आपले शेअर शेतकऱ्यांना देऊन टाकले आणि कुआपाचा हिस्सा झाला ४५ टक्के. संचालक मंडळावर घानाचे शेतकरी, आणि चारातली एक मीटिंग घानात!

ग्राहकांनी यात नेमकं काय केलं? विकत घेतलं हे झालंच. पण त्याआधी एक काम केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९८ मध्ये बरेच सुपरमार्केटवाले या नव्या बारला रॅकवर जागाच द्यायला तयार नव्हते, तेव्हा चर्चशी जोडलेली साधी माणसं, निवृत्त शिक्षिका, कॉलेजची पोरं, आपापल्या दुकानात जाऊन मॅनेजरला विचारत राहिली की हे चॉकलेट तुम्ही का ठेवत नाही. परत परत. मॅनेजरला वैताग आला की माल येतो, हा नियम लेस्टरला आणि लातूरला सारखाच. मग २००२ मध्ये को-ऑप या साखळीने आपलं स्वतःच्या ब्रँडचं सगळंच चॉकलेट फेअरट्रेड केलं, कुआपाचा कोको वापरून. २००७ मध्ये कंपनीने पहिला डिव्हिडंड दिला, कुआपाच्या वाट्याला साधारण ४७ हजार पाउंड.

भारी वाटतं ना? आता भागाकार करा. तेव्हा सभासद पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी एक पाउंड.

स्वयंपाकघरातला हिशोब

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून एका रात्री रॅपर आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. शंभर ग्रॅमची सत्तर टक्केवाली बार. सत्तर ग्रॅम कोकोसाठी, सालं वगैरे धरून, पंच्याऐंशी-नव्वद ग्रॅम दाणे लागतात. म्हणजे एक टन दाण्यांत अकरा हजारांच्या वर बार होतात. प्रीमियम टनाला २४० डॉलर. एका बारमागे आले दोन सेंट, म्हणजे आपले पावणेदोन रुपये, इथले दीड-पावणेदोन पेनी. आणि मी शेजारच्या बारपेक्षा जास्त दिले होते एक पाउंडाच्या वर. मिल्क चॉकलेट असतं, ज्यात कोको तीस टक्क्यांच्या आत-बाहेर, तर शेतकऱ्याच्या वाट्याला त्याच्याही निम्मं.

बायकोने हिशोब बघितला आणि काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

म्हणजे सरळ आहे, मी एक पाउंड जास्त देतो तेव्हा तो पाउंड घानाला जातो असं समजणं हा शुद्ध भाबडेपणा आहे, त्यातला बहुतेक पैसा इथेच दुकान, वाहतूक, रॅपर, जाहिरात, उत्तम दूध-साखर यात जिरतो. नुसती मदतच करायची तर स्वस्त चॉकलेट खाऊन उरलेला पाउंड एखाद्या चांगल्या संस्थेला सरळ पाठवला तर गरिबाच्या हातात नक्कीच जास्त पडेल. हे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचा हिशोब बरोबर आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही करून बघा. समजा तीन हेक्टर, हेक्टरी ४०० किलो, म्हणजे वर्षाला बाराशे किलो, एकोणीस पोती. सगळाच्या सगळा माल फेअरट्रेड म्हणून खपला तर प्रीमियम २८८ डॉलर, तोही संस्थेत, हातात नाही. आणि सगळा खपत नाहीच. सर्टिफिकेट असलं तरी तेवढा माल मागणारी कंपनी पाहिजे ना, बाकीचा साध्या कोकोबरोबर साध्याच अटींवर जातो.

अजून एक बारीक गोष्ट. शिक्क्याच्या शेजारी कधी कधी छोटा बाण असतो. त्याचा एक अर्थ असा होऊ शकतो की या बारमधला कोको प्रत्यक्षात त्याच शेतकऱ्यांचा असेलच असं नाही, तेवढ्या वजनाचा हिशोब त्यांच्या नावाने झालाय. ऐकून आधी फसवल्यासारखं वाटलं, पण आपल्या दूध संघाच्या टँकरचा विचार करा, सगळ्या गावांचं दूध एकातच ओततात, पैसे मात्र ज्याच्या त्याच्या लिटरवर. तसंच हे. हिशोब चोख असेल तर मला चालतं.

पण मग काटा? ती संस्थेला पाठवलेली पाउंडाची देणगी काट्यावर माणूस बसवू शकत नाही. निदान मला तरी माहीत असलेली कुठली देणगी तसं करत नाही. कुआपाला पहिली काही वर्षं तगवलं ते बाहेरच्या ठरलेल्या गिऱ्हाइकाने. दरवर्षी एवढा माल नक्की उचलला जाणार आणि त्यावर एवढा प्रीमियम येणार म्हटल्यावर संस्था ऑफिस चालवू शकते, हिशोबनीस ठेवू शकते, सभा घेऊ शकते, लोक टिकून राहतात. माझ्या दोन सेंटचं काम ते आहे, आणि ते काम मी आज घेतलं उद्या सोडलं तर होत नाही.

मग बिघडलं कुठे

बऱ्याच ठिकाणी, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पहिलं, पोरं. २००९ मध्ये कुआपाच्या ३३ गावच्या सोसायट्या तपासल्या, त्यातल्या ७ ठिकाणी मुलांना नको त्या कामाला लावलेलं सापडलं. संस्थेने त्या सातही सोसायट्यांची खरेदी थांबवली, २०१० मध्ये बीबीसीने टीव्हीवर दाखवल्यावर इथे बराच गदारोळ झाला, शिक्का असून असं कसं म्हणून. मला मात्र त्यात आश्चर्य वाटलं नाही. बीडकडून आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या खोपीत वाढलेली, आई-बापामागे मोळ्या ओढणारी पोरं मी स्वतः बघितलीत, आमच्याच फडात, आणि आम्ही त्यांना चहा दिला आणि गप्प बसलो. गरिबी असली की पोरांचे हात कामाला लागतातच. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या नॉर्क संस्थेचा अहवाल आला, घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून कोकोच्या कामात १५ लाख ६० हजार मुलं. शिक्के, करार, कंपन्यांच्या घोषणा, सगळं होऊन वीस वर्षांनी. ३३ पैकी ७ ठिकाणी पकडलं गेलं हे तरी बरं, कारण तिथे निदान बघणारं कोणीतरी होतं. जिथे संस्थाच नाही तिथे कोण बघणार आणि कोण थांबवणार?

दुसरं म्हणजे मोठ्या कंपन्यांची लहर. २००९ मध्ये कॅडबरीने इंग्लंडात डेअरी मिल्कवर फेअरट्रेडचा शिक्का लावला आणि घानाचा फेअरट्रेड कोकोचा खप एकदम तिप्पट होणार असं झालं, कुआपात आनंदी आनंद. पुढच्याच वर्षी क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने कॅडबरी विकत घेतली. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता आमचा स्वतःचाच कार्यक्रम आहे, कोको लाइफ. किटकॅटने २०१० मध्ये इथे शिक्का लावला आणि २०२० मध्ये काढला. या घरच्या कार्यक्रमातही पैसा खर्च होतो, रोपं वाटतात, ट्रेनिंग होतं, ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण प्रीमियम किती आणि कशावर खर्च करायचा हे सभासदांच्या सभेत ठरणं वेगळं आणि कंपनीच्या ऑफिसात ठरणं वेगळं. गिऱ्हाइकाला तर काही कळलंच नाही, रॅपरचा रंग तोच, चव तीच.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. २०२० मध्ये डिव्हाइन कंपनीतला मोठा हिस्सा वाइनरिश या जर्मन चॉकलेट कंपनीकडे गेला, तीच आधीपासून बार बनवून देत होती. कुआपाकडे राहिले २० टक्के. ४५ वरून २०. त्याच्या आदल्या वर्षी ट्विन ट्रेडिंग बुडाली होती. कंपनी बंद पडण्यापेक्षा हे बरं, असं म्हणता येईल, कोको अजून फेअरट्रेडच घेतात, रॅपरवर शेतकरी मालक असल्याचं अजून खरंच आहे. पण आपण सहकारी कारखाने आधी आजारी, मग भाड्याने, मग विकलेले बघितलेले लोक आहोत, आपल्याला हा रस्ता ओळखीचा वाटतो. मी आणि माझ्यासारख्यांनी पुरेशी चॉकलेटं घेतली नाहीत हेही त्यातलं एक कारण आहेच, गोड बोलून ते टाळता येणार नाही.

आणि चौथं, जे कुठल्याच खरेदीने सुटणारं नव्हतं. २०२४ मध्ये कोको पेटला. रोगराई, विशेषतः झाडाच्या फांद्या सुजवणारा विषाणू, लहरी पाऊस, जुनी झाडं, आणि बागा उकरून चालणारी बेकायदा सोन्याची खोदकामं, यामुळे घानाचं पीक निम्म्यावर आलं आणि डिसेंबरात जागतिक भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. घानाच्या शेतकऱ्याला त्या हंगामाच्या सुरुवातीला सरकारने ठरवून दिलेला भाव होता पोत्याला ३ हजार सेडी (घानाचं चलन), म्हणजे टनाला ४८ हजार सेडी, तेव्हाचे टनाला साधारण तीन हजार डॉलर. कारण बोर्डाने माल वर्षभर आधीच कमी भावात विकून ठेवलेला. शेतकरी रात्री पोती सीमेपलीकडे नेऊन विकायला लागले, मी असतो तर मीही नेली असती. अशा वेळी टनाला २४० डॉलरचा प्रीमियम म्हणजे दुष्काळात रिमझिम. २०२०-२१ पासून घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन सरकारांनी मिळून टनाला ४०० डॉलरचा जादा आकार लावला होता, त्याचंही तेच झालं, खरेदीदारांनी दर्जासाठी मिळणारी दुसरी रक्कम कापून तो भरून काढला. एका खिशात घातलं, दुसऱ्यातून काढलं.

तर बायकोच्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे की हो, जादा पैशातला मोठा भाग इथेच राहतो, आणि तरीही मी तेच चॉकलेट घेतो, पण दान केल्याच्या थाटात घेत नाही. दान वेगळं करतो, महिन्याला ठरलेलं. चॉकलेट घेतो ते गिऱ्हाईक म्हणून, संस्थेला दरवर्षी येणारं गिऱ्हाईक लागतं म्हणून. चॉकलेट सोडूनच द्यायचं, पोरं राबतात म्हणून बहिष्कार, हे मला पटत नाही, ऊस बंद झाला तर आमच्या घरचं काय होईल ते मला माहीत आहे. नवीन काही घेताना आधी रॅपर उलटून बघतो की मालकीत शेतकरी आहेत का, नसतील तर निदान त्यांची संस्था आहे का, की नुसता कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेला शिक्का. आणि दुकानात नाव सांगून विचारतो, आहे का, का नाही, कधी येणार. आमच्या दुकानातला मॅनेजर मला बघून हल्ली दूध मोजायला लागतो.

परवा आप्पांना पुढचं सगळं सांगितलं. वीस टक्क्यांचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. आमच्या सोप्यात कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं आहे, आजोबांच्या नावाचं, ते त्यांच्या समोरच असणार तेव्हा. मग म्हणाले, "सभासद हाईत म्हंतोस तर आपल्याला दिवाळीला सवलतीत साखर मिळत्या, तसं त्यास्नी चॉकलेट मिळतंय का रं?"

म्हटलं चॉकलेट नाही, कोयते मिळाले होते.

"मग बरं हाय," म्हणाले, "कोयता तरी वजनात कमी भरत न्हाई."